वळलेली मान

९ जानेवारी

खोडरबर,

गाडीत बसताना तू म्हणालीस, फोन करू नकोस, फोनवर तू भांडतोस. लिहीत जा, लिहिताना तू जरा निवतोस. म्हणून लिहितोय. निवलेलो नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तुझं खोकं, आतल्या चित्रांच्या कागदांसकट, सुखरूप आहे. दुकानाच्या पोटमाळ्यावर कोऱ्या कागदांच्या रिमांशेजारी ठेवलंय. तिथे ओल येत नाही. आली तर आधी मालक रडेल आणि मग मी. झाकण उघडलेलं नाही. तू बांधलेली सुतळी तशीच आहे.

दुकानात सध्या प्रोजेक्ट रिपोर्टांचा हंगाम आहे. सकाळपासून भोकं पाडायची, स्पायरल ओवायचं, काळं कव्हर लावायचं. काल आपल्याच वर्गातले तिघं आले. मला बघून एकाने विचारलं, "तू इथे?" मी म्हटलं, "सध्या." ज्याचा चष्मा मी कँटीनमध्ये फोडला तोही त्यांच्यात होता. नवा चष्मा बरा दिसतो त्याला. त्याचा रिपोर्ट मी सगळ्यांत नीट बांधला. रागाच्या भरात एक पान उलटं घालावंसं वाटलं होतं, पण नाही घातलं. बघ, निवतोय की नाही.

तो प्रसंग उकरून काढू नकोस म्हणालीस, तरी काढतोच. भर कँटीनमध्ये तो तुझ्या फिल्मबद्दल म्हणाला, "हिच्या बापाचे बूट आम्ही किती वेळ बघायचे?" तेव्हा मी काय करायला हवं होतं? माफीनामा लिहून द्यायचा आणि परीक्षेला बसायचं? तू म्हणालीस, "मी सांगितलं होतं का तुला?" नव्हतं सांगितलंस. कॉलेज सोडायलाही तू सांगितलं नव्हतंस. ठीक आहे. माझं मी सोडलं.

शनिवारी अर्धवट मंडळ भरलं होतं. तू नसताना पहिल्यांदाच. शिंपीकाकांच्या दुकानावरच्या खोलीत तुझ्या जागेवर कुणी बसलं नाही. मुद्दाम नव्हे, तिथे कोटाचं कापड पसरलं होतं. काकांच्या स्वतःच्या कोटाला अजून एकच बाही आहे. लांब्याच्या खुर्चीला तिसरा पाय आला. नर्सबाईंनी त्यांची गल्ली दवाखान्यापर्यंत भरतकामात आणलीय. नियम तेच. पुरं झालेलं आणायचं नाही. दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही, फक्त प्रश्न विचारायचे. 'छान' म्हणेल त्याने कप विसळायचे. माझी पाळी आली तेव्हा मी नेहमीसारखंच म्हटलं, "मनात आहे." शिंपीकाका म्हणाले, "मनातलं एकदा इस्त्री करून आण की रे." सगळे हसले. मीही हसलो, पण कान तापले.

या वेळी खरंच काहीतरी चाललंय. सांगणार नाही. बघशीलच.

तिथे तुला दिवसभर दुसऱ्यांच्या कार्टूनमध्ये रंग भरायला लावतात म्हणे. हात दुखतो का? खोलीतल्या बाकीच्या मुली बऱ्या आहेत ना? कुणी त्रास दिला तर कळव.

— काडेपेटी

 

२ फेब्रुवारी

खोडरबर,

आधी शपथ घे, की हे पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय चिडणार नाहीस.

घेतलीस? ऐक.

तुझी फिल्म पुरी झाली.

बरोबर वाचलंस. दोन वर्षं तू कडीवरच्या हाताशी अडकली होतीस. वडील खुंटीवरून शर्ट घेतात, बटणं लावतात, खुर्चीवर बसून बूट घालतात, नाडी तुटते, तुटलेल्या नाडीला गाठ मारतात, उठतात, कडीवर हात ठेवतात. आणि बस्स. तिथला कागद तू खोडून खोडून इतका पातळ केलास की पलीकडचं दिसायला लागलं. नर्सबाईंनी विचारलं होतं, "पुढे ते वळून बघतात का?" तू म्हणालीस, "ते अजून काढलेलं नाही." त्या दिवशी मी तुझ्याकडे बघत होतो. (मी नेहमीच तुझ्याकडे बघत असतो, हे आता मंडळातल्या कोटालासुद्धा ठाऊक आहे.) तेव्हाच मला कळलं की तुझ्यात हिंमत नाही. मग ती मी केली.

दुकानातल्या मोडक्या झेरॉक्स यंत्राची काच काढून घेतली, खाली बल्ब लावला, आणि तुझ्या शेवटच्या कागदावर माझा पहिला कागद ठेवला. रोज सकाळी शटर उघडायच्या आधी. दुपारी मालक जेवायला गेला की पुन्हा. मान वळताना कशी दिसते ते कळेना, म्हणून हात धुवायच्या नळावरच्या आरशासमोर उभा राहून वळून वळून बघितलं. एक गिऱ्हाईक बाहेरून बघत होतं. म्हणालं, "मान धरलीय का?"

ते कडी काढतात, थांबतात, आणि वळून बघतात. आणि हसतात. थोडंसंच. उगाच गोड नाही केलं.

खोडरबर, मला आजवर कधी काही बनवता आलं नाही. सुरुवात करायचो आणि दोन दिवसांत कंटाळायचो. हे मात्र हातातून सुटेना. जेवायचं विसरायचो. मालक म्हणाला, "प्रेमात पडलास की काय?" मी म्हटलं, "आधीच."

परवा मंडळात भिंतीवर दाखवली. संपल्यावर लांब्याने टाळ्या वाजवल्या. नर्सबाई डोळे पुसत म्हणाल्या, "छान," आणि आपणहून कप विसळायला उठल्या. शिंपीकाकांनी काही विचारलं नाही. त्यांना त्या दिवशी बरं नव्हतं बहुतेक.

काल नेटवर टाकलीय. वर मोठ्या अक्षरात तुझं नाव, खाली बारीक माझं. बघ, आणि मग चीड.

— तुझा (आज एवढं लिहू दे) काडेपेटी

 

२० फेब्रुवारी

उत्तर नाही. फोन लावला तर लागत नाही, म्हणजे तू माझा नंबर बंद करून टाकलायस. एवढं काय केलं मी?

लोक हजारांनी बघतायत. कुठकुठल्या अनोळखी माणसांना आपापले वडील आठवतायत. एकाने लिहिलंय, "ते वळतात तिथे मला रडू फुटलं." वळतात तिथे! म्हणजे माझ्या कागदावर. हे मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुला नाही वाचावंसं वाटत?

तू सोडून सगळे बोलतायत. तुझी मैत्रीण दुकानात आली, झेरॉक्स घेतली आणि जाताना म्हणाली, "तुला काय अधिकार होता?" मी म्हटलं, ते खोकं तिने माझ्याकडे ठेवलं होतं. म्हणाली, "ठेवायला दिलं होतं." तोंडावर म्हणाली. मी तिला सुटे पैसे नाहीत असं सांगितलं. होते.

शनिवारी मंडळात शिंपीकाकांनी शेवटी तोंड उघडलं. मला वाटलं, आता कौतुक करतील. म्हणाले, "हे झालं तिचं. पुढच्या खेपेला तू काय आणणार?"

मी म्हटलं, "हे माझं नाही का? निम्मी मेहनत माझी आहे."

"निम्मी?" ते म्हणाले. "मग निम्मं कापून दाखव. आम्हाला कळू दे तुझं कुठे सुरू होतं."

"तुमच्या कोटाला दुसरी बाही लागेपर्यंत तुम्ही मला शिकवू नका," मी म्हणालो.

बरंच काही म्हणालो. उठताना लांब्याच्या खुर्चीला धक्का लागला आणि तिसरा पाय निघाला. लांब्याने वाकून तो उचलला. तिघांपैकी एकानेही मला थांब म्हटलं नाही.

हे सगळं मी तुझ्यासाठी केलं. तुझ्यासाठी म्हणजे कुणासाठी, हे तुला सांगायला हवं का? रोज दुकानात कुणी तुझ्यासारखी खांद्याला पिशवी लावून आलं की माझं बोट कात्रीत सापडतं. आणि तू साधं एक कार्ड टाकत नाहीस. राग आहे तर रागाचं टाक. चार शिव्या लिही. पण लिही.

 

१ मार्च

तुझं पत्र मिळालं.

गिऱ्हाइकं होती म्हणून ते खिशात ठेवलं, आणि दुपारी शटर अर्धं ओढून वाचलं. परत वाचायचं धाडस झालेलं नाही. तरी पाठ झालंय.

तू लिहिलंयस, "त्या सकाळी आई कामावर गेली होती. घरात ते आणि मी, एवढेच होतो. आईने मला किती वेळा विचारलं, जाताना काही बोलले का, वळून बघितलं का. मी कायम एकच सांगितलं, मी झोपले होते. आता शेजारच्या बाईंनी तिला तुझी फिल्म दाखवली. ती रोज फोन करते. विचारते, वळले होते ना ग? तू बघितलं होतंस ना? परवा मी हो म्हणाले. आता हे खोटं माझं झालंय. तू गंमत म्हणून काढलंस, मला आता ते जन्मभर सांभाळायचंय."

गंमत म्हणून नव्हतं काढलं. पण हे लिहिण्यातही आता काही अर्थ राहिलेला नाही.

मला माहीत नव्हतं ते घर सोडून गेले म्हणून. मला वाटलं होतं, वारले. तू कधी सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. मंडळात आपण फक्त प्रश्नच विचारायचो, आणि तुला हा एक प्रश्न विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही. मी तुझ्या चेहऱ्यावरून ठरवून टाकलं.

दोन ओळी आणखी होत्या: "खोकं आईकडे नेऊन दे. आणि कृपा करून, काही बोलू नकोस."

नेऊन देतो. बोलणार नाही.

 

७ मार्च

फिल्म काढून टाकली. पण ती आता दुसऱ्या कुणीकुणी आपापल्या पानावर चिकटवलीय. एकाने मागे गाणं घातलंय. त्याला मी लिहिलं, काढ. तो म्हणाला, तू कोण? खाली माझं नाव बारीक लिहिलं होतं ना, ते त्याने कापलंय. तुझंही. आता ते कुणाचंच नाही. तुझ्या आईच्या फोनवर तर ती आहेच.

तुला काही गोष्टी खोट्या लिहिल्या होत्या. त्या तशाच ठेवून खोकं नेऊन द्यायला मन घेईना.

झाकण उघडलेलं नाही, असं लिहिलं होतं. तू गेलीस त्याच संध्याकाळी उघडलं होतं. सुतळी मी नंतर नवी बांधली, तुझ्यासारखीच गाठ मारून. तुझे कागद छातीशी धरून बसलो होतो. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

खुर्चीला धक्का नव्हता लागला. लाथ मारली मी. लांब्याने त्या पायाला तीन महिने घालवले होते.

आणि शिंपीकाकांना त्या दिवशी बरं नव्हतं, हेही खोटं. फिल्म संपल्यावर ते माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांची नजर चुकवत होतो. म्हणजे मला तेव्हाच ठाऊक होतं. निदान आत कुठेतरी ठाऊक होतं. टाळ्या वाजल्या आणि ते मी विसरलो. टाळ्यांत माणूस काय काय विसरतो!

आणखी एक आहे. सगळ्यांत वाईट तेच. ते काम करताना मी जितका सुखात होतो तितका आयुष्यात कधी नव्हतो. सकाळी उठल्याबरोबर हात शिवशिवायचे. कॉलेज सुटल्याचं काही वाटायचं नाही, वर्गातल्या पोरांचे रिपोर्ट बांधताना लाज वाटायची नाही. ही ओढ लोकांना कुठून येते, असं मी तुम्हा सगळ्यांकडे बघून विचारायचो, आणि मला ती आली. पण आली ती तुझ्या घरातल्या त्या सकाळीवर उभं राहून. आता लाज वाटते, आणि त्या लाजेतूनही मला ते दिवस परत हवेत. याला काय म्हणायचं ते तू ठरव. मी स्वतःला बरंच काही म्हणून बघितलं.

रविवारी काकूंकडे, तुझ्या घरी, जातो. खोकं देतो, निघतो.

 

११ मार्च

खोडरबर,

मी बोललो.

हे पहिल्या ओळीतच लिहितोय, म्हणजे पुढे वाचायचं की फाडायचं ते तुला इथेच ठरवता येईल. पण शेवटी काकूंचा निरोप आहे, तो माझा नाही. फाडणार असशील तर तेवढा वाचून फाड.

जिना चढताना मी घोकत होतो: खोकं द्यायचं, पाणी प्यायचं, निघायचं. काकूंनी दार उघडलं. हातात इस्त्री, अंगावर औषधांच्या दुकानातला तो निळा कोट अर्धा घातलेला. म्हणाल्या, "तू तो काडेपेटी ना? ये, बस. किती घाम आलाय तुला." मी खोकं टेबलावर ठेवलं. "तिने द्यायला सांगितलंय," म्हटलं. इथवर ठीक होतं.

पाणी दिलं. मग फोन काढून माझ्या शेजारी बसल्या. म्हणाल्या, "तू बघितलीच असशील. खाली तुझंही नाव होतं ना? तू काय केलंस यात?"

"स्कॅनिंग," मी म्हटलं.

बघ, तेव्हासुद्धा मी नीट होतो. शब्द पाळत होतो.

त्यांनी ती मला दाखवली. माझ्याच शेजारी बसून, मलाच. शर्ट, बटणं, बूट, नाडी. आणि ते वळतात तिथे अंगठ्याने थांबवली. म्हणाल्या, "ही मान बघ. आधी कान दिसतो, मग गाल. काय सुरेख काढलीय पोरीने. तिला एवढं येत असेल असं वाटलं नव्हतं मला."

आणि माझ्या तोंडून गेलं, "ती मी काढलीय."

खोडरबर, तुला सांगू शकलो असतो की मला खोटं सहन झालं नाही, तुझ्या डोक्यावरचं ओझं उतरवावंसं वाटलं, वगैरे. जिना उतरताना मी हीच कारणं जुळवत होतो. पण त्यातलं एकही खरं नाही. कुणीतरी त्या मानेला सुरेख म्हणालं आणि ती माझी होती, म्हणून मी बोललो. तुझी आई समोर बसलेली असताना, तुझ्या घरात, तू हात जोडून सांगितलेलं असताना, मला माझी मान परत हवी होती. बस्स. एवढा कोता माणूस आहे मी.

काकूंनी फोन पालथा ठेवला. इस्त्रीचं बटण बंद केलं. मग विचारलं, "कुठपासून?"

"कडीवर हात जातो, तिथपासून पुढे."

"हसतो तेही तूच?"

"हो."

"तिने सांगितलं होतं तसं काढायला?"

"नाही. तिला विचारलंच नाही मी. ती दोन वर्षं तिथे थांबली होती. मला वाटलं..."

मी वाट बघत होतो की त्या ओरडतील. बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "तो वळला नसणार, हे मला ठाऊक होतं रे. तो वळणाऱ्यातला नव्हता. दुकानात पिशवी विसरली तरी माघारी जायचा नाही, नवी घ्यायचा. मी काय आज ओळखते त्याला?"

"मग तुम्ही तिला रोज विचारायचात..."

"वळला का, हे नव्हतं मला विचारायचं. तिने त्या सकाळीबद्दल काहीतरी बोलावं, म्हणून विचारायचे. ती एकच सांगायची, मी झोपले होते. त्यापुढे दार बंद. मग ही फिल्म आली. मला वाटलं, झोपलेल्या पोरीने मनाने रचलंय. माझ्यासाठी. आईला बरं वाटावं म्हणून एवढं बसून काढलं तिने. फोनवर विचारलं तर हो म्हणाली. खोटं बोलतेय, हे कळत होतं मला. पण माझ्यासाठी बोलत होती ना." आणि मग अगदी सहज, पसारा आवरताना बोलावं तसं म्हणाल्या, "आता ते तू काढलंस म्हणतोस."

बघ, मी काय केलं ते. त्यांना ते वळणं नको होतं. ते तू त्यांच्यासाठी काढलंस, हे हवं होतं. आणि तेवढंच मी उठून काढून घेतलं, कारण मान माझी होती.

मी उठलो. त्या म्हणाल्या, "थांब. तिचं कुठलं आणि तुझं कुठलं ते वेगळं करून दे आणि मग जा."

खोकं उघडलं. वेगळं करायला काही लागलंच नाही. तुझे कागद पिवळट, कडा मऊ पडलेल्या. माझे पांढरेफटक, दुकानातले. माझी चळत बाजूला केली. काकू तुझी घेऊन फरशीवर बसल्या आणि अंगठ्याखालून एकेक कागद भराभर सोडायला लागल्या. दोनदा सोडली. तिसऱ्यांदा मध्येच थांबल्या. एक कागद काढून उजेडाकडे धरला. नाडीला गाठ मारतात, तो.

"टेबलाची फळी खालून दिसतेय," त्या म्हणाल्या.

मी बघितलं. दिसत होती. खुर्चीचं बूडही दिसत होतं. तुझ्या वडिलांची हनुवटी दिसत होती, खालून, आणि नाकपुड्या. खोडरबर, तुझे हे कागद मी महिनाभर काचेवर ठेवून रेघ न् रेघ बघितलेत. मला वाटायचं, ही तुझी स्टाईल. माझ्या कागदांपासून बघणारा उभा राहतो, माझ्याएवढा उंच होतो. हे माझ्या लक्षात आलं नाही. हजारो लोकांतल्या एकाच्याही लक्षात आलं नाही.

काकू कागद हातात धरून टेबलाच्या पलीकडे सरकल्या, भिंतीजवळ. "तिचं अंथरूण इथे असायचं," म्हणाल्या. आणि त्या निळ्या कोटासकट तिथे आडव्या झाल्या. गाल फरशीला टेकवला. टेबलाखालून दाराकडे बघत राहिल्या. कागद डोळ्यांसमोर धरला, खाली घेतला, पुन्हा धरला.

मी उभा होतो. त्यांना उठायला हात द्यावा, की तोंड फिरवावं, की दार उघडून पळावं, काही कळत नव्हतं.

"जागी होती," त्या म्हणाल्या.

मग फरशीलाच, "माझं बाळ जागं होतं ग बाई."

त्यानंतरचं मी लिहिणार नाही. त्या आधीचं तरी मला बघायचा काय हक्क होता?

माझे कागद मी परत आणलेत. काल ते पुन्हा बघितले. आरशात बघून काढल्यामुळे त्या माणसाचा कान माझा आहे, वळायची घाई माझी आहे, आणि ते थोडंसंच हसूही माझंच. तुझ्या वडिलांचं त्यात काही नाही. येत्या शनिवारी मंडळात नेणार आहे. काका म्हणाले होते निम्मं कापून दाखव, तर कापून आणलंय म्हणेन. प्रश्न विचारू देत. लांब्याला मी खुर्चीबद्दल विचारलं, तर म्हणाला, "पाय मी लावतो. तू नुसती धर." दोन संध्याकाळी धरून बसलो. त्याने गप्पा मारल्या नाहीत, पण हातोडी मागितली की मी देत होतो.

या पत्राला उत्तर मागत नाही. मागायचं तोंड नाही, आणि तुला द्यावंसं वाटलं तर तो तुझा प्रश्न आहे. यापुढे तू लिहिल्याशिवाय मी लिहिणार नाही. एवढा एक शब्द तरी पाळून बघतो.

आता निरोप. दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा त्यांनी सांगितला, आणि माझ्याकडून दोनदा म्हणून घेतला, की मी पुन्हा त्यात माझं काही घालू नये. जसाच्या तसा लिहितो:

"तिला म्हणावं, फोनवर मी आता काही विचारणार नाही. विचारलं की ती हो म्हणते. कागद इथे आहेत, टेबलावर, मी कुणाला हात लावू देणार नाही. येशील तेव्हा ये आणि पुढचं काढ. घाई नाही. काढून झालं की आधी मला दाखव. आणि वळला नसेल तर वळवू नकोस. पाठ काढ. त्याची पाठ मी ओळखते."